शेवटच्या सभेतला ऐनवेळचा विषय

महापौरांच्या दालनात येणारा माणूस शहराच्या सर्वेसर्वांकडे आलोय या समजुतीने येतो. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय. आमच्या महापौर ताई शांतपणे ऐकायच्या, निवेदनावर शेरा मारायच्या आणि कागद आयुक्तांकडे रवाना व्हायचा. 1949 च्या महापालिका अधिनियमाने कार्यकारी अधिकार आयुक्तांना दिलेत. महापौरांच्या हाती उरते ती सभा. मंत्रालयात आरक्षणाची सोडत निघाली, पद महिलेला गेलं, म्हणून अनेक वर्षं नगरसेविका असलेल्या ताई तिथे बसल्या. मुदत अडीच वर्षं.

त्यांच्या स्वतःच्या प्रभागात टँकर यायचा. जलवाहिनीसाठी त्यांनी किती पत्रं लिहिली ते मला ठाऊक आहे, टाइप मीच केली. प्रशासनाने प्रस्ताव काही पाठवला नाही.

मी नगरसचिव कार्यालयात सभेचं कामकाज लिहितो. शेवटच्या सर्वसाधारण सभेत गोंधळ झाला, विरोधकांनी राजदंड उचलला. अशा वेळी ध्वनिमुद्रणात फक्त कल्लोळ येतो. सूचक कोण, अनुमोदक कोण, विषय वाचला की नुसता क्रमांक पुकारला, हे ओठांकडे बघून टिपावं लागतं. ते मला जमतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. विषयपत्रिकेवरचे विषय 'मंजूर, मंजूर'च्या आरोळ्यांत संपले आणि राष्ट्रगीत सुरू झालं. ऐनवेळचा, म्हणजे पत्रिकेवर नसलेला आणि आयत्या वेळी मांडायचा, एकही विषय वाचला गेला नव्हता.

संध्याकाळी पक्षाचे गटनेते ऐनवेळच्या विषयांची यादी घेऊन दालनात आले. सगळे त्याच सभेत मंजूर झाल्याचं दाखवायचं होतं. आमचे वरिष्ठ म्हणाले, "सगळीकडे असंच चालतं." चालतं हे खरं, आणि सभागृहाची किंमत त्यामुळेच गेली आहे. यादीत भूखंड होते, मुदतवाढी होत्या, आणि तळाशी ताईंची जलवाहिनी. ती तिथे का घातली, हे न कळण्याइतक्या ताई भोळ्या नव्हत्या.

त्यांनी मला बोलावलं. "भाऊ, तुमच्या वहीत यातलं काय आहे?"

"काहीच नाही, ताई."

त्यांनी यादी पुन्हा वाचली. शेवटच्या ओळीवर बराच वेळ थांबल्या. मग "जे वाचलंच नाही त्यावर सही करणार नाही" म्हणून कागद परत केला. गटनेते नको ते बोलले. पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळणार नाही, हेही तिथेच ऐकवलं.

सही झाली असती तरी शासनाने त्याच अधिनियमाच्या कलम 451 खाली तो ठराव विखंडित, म्हणजे रद्द, केला असता, अशी मी स्वतःची समजूत घालतो. पण असे कितीतरी ठराव टिकलेलेही मी पाहिलेत.

पुढे प्रशासक आले. टँकर अजून येतो. त्या प्रभागातल्या बायका मला ओळखतात, विचारतात, महापौर असून ताईंनी एवढंही का केलं नाही? मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, आणि त्यांचं चुकतंय असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.