तुम्ही विचारलंत म्हणून: लशीनं केस जातात का?

मिरज तालुक्यातल्या गावांत मी लसीकरणाला जाते. साडेतीन महिन्यांचं बाळ पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीच्या (त्यात कावीळ बचीही असते), तिसऱ्या डोसाला येतं. आई त्याचं टोपडं काढते, मागची मोकळी जागा दाखवते आणि विचारते, "सिस्टर, सुईनंच केसं गेली न्हवं का ह्याची?"

ती सुईनं गेलेली नसतात. जन्माचं जावळ पहिल्या काही महिन्यांत आपोआप गळतं. बाळ उताणं झोपून डोकं घासतं, तिथं तर जास्तच. पेंटाचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, म्हणजे नेमके त्याच दिवसांत. आईच्या मनात शंका येणारच.

पण "लशीनं केस कधीच जात नाहीत" असं मी कुणालाच सांगत नाही. नर्सिंगला असताना मी कावीळ बची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, लस घेतली. दुसऱ्या डोसानंतर महिन्याभरानं वेणी घालताना बोटाला गुळगुळीत चकती लागली, रुपयाएवढी. चाई! आजी म्हणाली, किडा लागला, लसूण चोळ. किडा नसतो हो त्यात. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच केसांच्या मुळांवर उलटते. लस न घेतलेल्यांनाही चाई पडते, म्हणून माझी लशीनंच पडली असं डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत. नाकारलंही नाही, आणि मला त्याचाच आधार वाटला.

पुढं वाचनात आलं, १९९७ साली अमेरिकेत लसीकरणानंतर केस गळल्याच्या ६० नोंदी तपासून प्रसिद्ध झाल्या होत्या. त्यातल्या ४६ जणांनी कावीळ बची लस घेतलेली. १६ जणांचे केस पुन्हा लस घेतल्यावर पुन्हा गळले होते. बहुतेकांचे परतही आले. कोट्यवधी डोसांच्या मानानं हा आकडा फार लहान आहे, पण त्या साठांत आपण असलो तर लहान वाटत नाही, हे मला कळतं.

तिसरा डोस मी डॉक्टरांना विचारून घेतला. चकतीत आधी पांढरी लव आली, मग काळे केस.

कावीळ बचा विषाणू जन्मताना आईकडून बाळाला लागला, तर दहातल्या नऊ बाळांच्या यकृतात तो ठाण मांडतो. म्हणून पहिला डोस २४ तासांच्या आत देतात. तेव्हा डोसानंतर चाई दिसली तर पुढचा डोस परस्पर चुकवू नका. बाळाला घेऊन या, कार्ड आणा. मी तारीख लिहून घेते, वर कळवते, आणि डॉक्टरांकडे तुमच्यासोबत येते.