पिंपरीत जोडलेली मर्सिडीज ई-२२० विकाऊ दिसली तर

डब्ल्यू-१२४ ही मर्सिडीजची मालिका जर्मनीत १९८४ च्या अखेरीस आली आणि १९९५ पासून तिच्यातली ई-२२० पिंपरीत टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडली जाऊ लागली. त्यामुळे ‘वेल मेंटेन्ड, सिंगल ओनर’ म्हणून आजही अधूनमधून एखादी ई-२२० विक्रीला निघते. माझ्या मते गाडी म्हणून ती आजही घेण्यासारखी आहे. फक्त तिची खरी अवस्था पॉलिश आणि लेदरवरून कळत नाही.

पाहायला जाण्याआधी ‘इंजिन सुरू करून ठेवू नका’ असं सांगा, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करा. गरम इंजिन बरंच काही लपवतं.

सर्वांत आधी इंजिनाचं वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, तपासा. त्या वर्षांत वायरींवर जे आवरण वापरलं, ते उष्णतेने कडक होऊन पापडासारखं तुटतं. इंजेक्टरजवळच्या (इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाजवळच्या) वायरीवरची रबरी नळी हलकेच मागे सारा. आत तांबं उघडं दिसलं, तर आयडलिंग डळमळणं, मिसफायर, प्रसंगी ईसीयू (इंजिनाचा संगणक) जळणं हे सगळं ओघाने आलंच. हार्नेस बदललंय असं मालक म्हणाला, तर बिल मागा आणि लेबलवरची तारीख वाचा. टेपा गुंडाळून केलेली दुरुस्ती मी दुरुस्ती मानत नाही.

२१९९ सीसीचं हे इंजिन दणकट आहे, टायमिंगला चेन आहे. हेड गॅस्केटच्या (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या पट्टीच्या) कोपऱ्यातून तेल झिरपणं मात्र नेहमीचं. नुसता ओलावा असेल तर भाव कमी करून घ्या. कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) तेलाचा तवंग दिसला तर सरळ परत फिरा. रेडिएटरला वरचा होज (रबरी पाइप) जिथे बसतो ती प्लास्टिकची मानही बघा, वयाने ठिसूळ होऊन ती एकदम तुटते.

गंज लपतो तो दारांखालच्या प्लास्टिक पट्ट्यांमागे. जॅक लावायच्या चारही जागांची झाकणं काढून टॉर्चने आत पाहा. मग बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या स्प्रिंगची बैठक आणि डिकीतली स्टेपनीची खोबण. मुंबई-कोकणातल्या गाडीला इथे जास्त वेळ द्या.

चालवताना स्टीअरिंगमध्ये प्ले (मोकळी हालचाल) जाणवला तर लगेच स्टीअरिंग बॉक्सला दोष देऊ नका. आधी आयडलर आर्मचं (स्टीअरिंगच्या जोडणीतल्या एका दांड्याचं) बुश, म्हणजे सांध्यातलं अस्तर, पाहा, ते स्वस्तात बदलतं. प्ले घालवायला बॉक्सचा स्क्रू नको इतका आवळला की स्टीअरिंग सरळ रेषेत जड होतं आणि बॉक्स आतून झिजतो. मागे प्रत्येक चाकाला सस्पेन्शनच्या पाच लिंक (दांडे) आहेत. खड्ड्यात खडखडाट किंवा वळणावर मागची बाजू सरकल्यासारखी वाटणं म्हणजे त्यांची बुशं गेली. वेग घेताना खालून थरथर आली, तर प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) रबरी डिस्कना भेगा आहेत का ते पाहा.

टायरची नक्षी शाबूत असली तरी टायरच्या बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर न चालताही मरतं, म्हणून कमी किलोमीटरला मी जास्त पैसे देणार नाही.

आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनीच वाढते, तेव्हा किती मुदत उरली आहे आणि पर्यावरण कर भरलाय का, हे टोकन देण्याआधी पाहा.