थांब्यांची रोजनिशी

निघायला तीन आठवडे

वयस्क आई-बाबांना घेऊन जुन्या गाडीतून लांब जायचं ठरलं की आधी सगळ्यांची नजर इंजिनावर जाते. खरं तर रोज चालणारं इंजिन सहसा वाटेत मरत नाही. रस्त्याकडेला बसवतं ते रबर आणि पाणी. टायर, होज पाइप (इंजिन आणि रेडिएटर यांच्यातले पाण्याचे रबरी पाइप), फॅन बेल्ट, ब्रेकच्या नळ्या यांचं वय किलोमीटरवर मोजता येत नाही. रबर उभ्या गाडीतही सुकतं. त्यामुळे बाबांनी झाकून, पुसून ठेवलेली, 'फारशी फिरलेलीच नाही' अशी गाडी रोज राबणाऱ्या गाडीपेक्षा जास्त संशयाने तपासायची.

टायरच्या अंगावर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. बाहेरून आकडे दिसले नाहीत तर आतली बाजू पाहावी, पूर्ण ओळ पुष्कळदा एकाच बाजूला छापलेली असते. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा. खाचा कितीही खोल असोत, तो आजच उतरवायचा. पाच वर्षं उलटली की दर वर्षी तपासणी आणि दहा वर्षं झाली की निवृत्ती, हा हिशोब स्टेपनीलाही लागू. उलट पाचांत सगळ्यात म्हातारी बहुतेक तीच निघते.

होज पाइप इंजिन थंड असताना दाबून पाहायचे. करकरीत झालेला वाईट आणि लिबलिबीत झालेलाही वाईट. खालच्या होजकडे जास्त लक्ष द्यावं, कारण वॉटर पंप त्यातून पाणी ओढतो. आतून मऊ पडलेला पाइप वेगात चपटा होतो आणि गाडी फक्त मोठ्या रस्त्यावर तापते. मिस्त्रीच्या दारात उभी केली की तोच पाइप पुन्हा गोल, आणि सगळे म्हणणार काही दोष नाही. रेडिएटरचं झाकण तर न विचारता नवं घ्यावं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं असलं तर ते उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. एक बार दाब धरणारं झाकण असेल तर हीच मर्यादा १२५ अंशांच्या पुढे जाते. स्प्रिंग थकलेलं झाकण हा फरक गुपचूप खाऊन टाकतं.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदलायचं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; ओल शोषलेल्यासाठी हीच हमी १५५ वर येते. ऑइल उकळलं की ब्रेक लागत नाही. सपाटीवर हे कधीच कळत नाही, ब्रेक तापतात त्या घाटाच्या उतारावर कळतं.

पेट्रोलची गाडी जुनी असेल तर इंधनाचे रबरी पाइपही बदलावेत. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आतून खातं आणि गळती नेमकी गरम इंजिनाजवळ होते.

याच आठवड्यात आई किंवा बाबांना त्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणायचं. 'प्रवास झेपेल का' असं विचारलं की 'सांभाळून जा' एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारावं. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी किती वाजता घ्यायची? चार तासांहून जास्त बसून पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका यांना किती आहे, दाब देणारे मोजे लागतील का? गाडी लागली तर कोणती गोळी चालेल? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांनी वयस्क माणसांना गुंगी येते, लघवी अडते, कधी कधी भ्रमही होतो.

निघायला आठवडा

आजचा दिवस सीटसाठी. जुन्या गाडीचा सोफा छान दिसतो, पण स्प्रिंग आणि फोम बसलेले असतात. कंबर गुडघ्यांच्या खाली जाते आणि तासाभरात पाठ धरते. गादीखाली प्लायची फळी, वर घट्ट उशी, कंबरेच्या वळणात गुंडाळलेला टॉवेल. बसल्यावर कंबर गुडघ्यांच्या किंचित वर आली पाहिजे. अंग आणि सीटबेल्टच्या पट्ट्याच्या मध्ये जाड उशी मात्र नको, पट्टा सैल राहतो. चढण्या-उतरण्याची रंगीत तालीम घरीच करायची. उंच गाडीला पाय न घसरणारं छोटं स्टूल हवं, बुटक्या गाडीला धरायला भक्कम कडी. दाराच्या काचेला धरून उठायची सवय असेल तर ती इथेच मोडलेली बरी.

सीटबेल्ट जोरात हिसका देऊन पाहायचा, तो अडला पाहिजे. तीन टोकांचा आजचा पट्टा १९५९ मध्ये निल्स बोहलिन यांनी व्हॉल्व्होसाठी तयार केला. त्यानंतरही कितीतरी वर्षं गाड्या नुसत्या कंबरपट्ट्यावर किंवा त्याविना निघत होत्या. आपली त्यातली असेल तर नवे पट्टे गाडीच्या सांगाड्यावर मजबुती देऊन बसवावे लागतात. पातळ पत्र्याला भोक पाडून बोल्ट आवळला म्हणजे पट्टा बसला असं नाही. सीटला डोक्याचा आधार नसेल तर मागून बसलेल्या साध्या धक्क्यानेही मान दुखावते.

सायलेन्सरचं टोक जाड फडक्याने क्षणभर दाबून धरायचं, इंजिन आयडलवर. मध्येच कुठे फुसफुस ऐकू आली तर तिथे गळती आहे. हे काम आवाजासाठी नाही, कार्बन मोनॉक्साइडसाठी. त्याला वास नसतो, आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना तो लवकर बाधतो. मागचं दार किंवा मागची काच उघडी ठेवून गाडी चालवली तर धूर आत ओढला जातो. मागच्या सीटवर आई दिवसभर पेंगत असेल आणि डोकं दुखतं म्हणत असेल, तर ते प्रवासाच्या शिणावर ढकलण्याआधी बाहेरच्या हवेत नेऊन पाहावं.

दिव्यांचं थोडक्यात: बॅटरीपासून दिव्यापर्यंत येता येता जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज दहा टक्के गळलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. महागडे बल्ब घेण्याआधी अर्थिंग घासून साफ करावं आणि दिव्यांना रिले (विजेने चालणारा स्विच) लावून सरळ बॅटरीची वायर द्यावी. बॅटरी रात्रभर विसावल्यावर १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवत असेल तर तिच्या वाट्याला जायचं कारण नाही.

आदली संध्याकाळ

सामान भरलेल्या गाडीला जॅक लावून एकदा चाक काढून पाहायचं, आणि तेही त्या चाकातली हवा सोडून. चाक बसलं की गाडी इतकी खाली येते की जॅक आत शिरतच नाही, हे अंधारात कळण्यात मजा नाही. व्हील नट गाडीतल्याच पान्याने सुटतात ना? दुकानातल्या हवेच्या गनने आवळलेले नट पाय देऊनही हलत नाहीत. पान्याच्या दांड्यावर चढवायला हातभर लोखंडी पाइप हाताशी असावा.

सुट्या भागांत फॅन बेल्ट, दोन्ही होज, क्लिपा, फ्यूज, बल्ब. पॉइंट (ठिणगी पाडणारा जुन्या पद्धतीचा स्विच) असलेल्या गाडीला पॉइंट-कंडेन्सरचा जोड आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्या. इंजिन ऑइल दोन लिटर, पाणी पाच लिटर. हे पाणी पिण्याच्या पाण्यापासून वेगळं, रंगीत कॅनमध्ये. वायर, टेप, ओढायचा दोर, टॉर्च, धोक्याचा त्रिकोण.

औषधं दोन पिशव्यांत अर्धी अर्धी, दोन्ही प्रवाशांच्या जवळ. डिकीत नको आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात तर मुळीच नको. उन्हात बंद उभ्या गाडीत पारा पन्नाशी गाठतो. चालू असलेली इन्सुलिनची कुपी थंडाव्याच्या पिशवीत, पण बर्फाला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. जिभेखालच्या गोळ्या मूळच्या काचेच्या बाटलीतच ठेवाव्यात. कागदावर औषधांची मूळ नावं, मात्रा आणि वेळा लिहायच्या. ब्रँडचं नाव दुसरीकडे कुणाला कळेलच असं नाही.

पहिला दिवस

अंतर ठरवताना नकाशावरचे तास धरू नयेत. दिवसाला अडीचशे ते तीनशे किलोमीटर खूप झाले. पहिला थांबा पन्नास किलोमीटरवर: काढलेल्या चाकांचे नट पुन्हा आवळायचे, गाडीखाली वाकून बघायचं. त्यानंतर दर दीड ते दोन तासांनी. हा एकच नियम गाडीला आणि माणसाला दोघांनाही पुरतो, म्हणून सगळी आखणी थांब्यांवरून करायची, मुक्कामावरून नाही.

थांब्याला क्रम हवा. आधी माणूस, मग बॉनेट. उतरून पाच-सात मिनिटं चालणं, टाचा-चवड्यांवर उठबस, पाणी, शौचालय. शौचालय मिळणार नाही या भीतीने आई सकाळपासून पाणीच पीत नाही, हे सगळ्या घरांत घडतं. पुढचा थांबा कुठे आणि तिथे सोय काय, हे आधीच सांगून ठेवलं की ती पिते. 'बरं आहे ना?' हा प्रश्न कामाचा नाही, त्याला उत्तर ठरलेलं. 'बाबा, कंबर कुठे धरलीय, डावीकडे की मधोमध?' असं विचारलं की खरं कळतं.

मग चारही चाकांची फेरी. हाताची मागची बाजू चाकाच्या मध्याजवळ न्यायची, टेकवायची नाही. पुढची दोन मागच्यांपेक्षा गरम असतील, ते बरोबर आहे. पण एकाच अॅक्सलवरच्या दोघांत एकच तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये किंवा बेअरिंग जातंय. जुनी ब्रेकची नळी आतून फुगली की दाब जातो पण परत येत नाही. टायरची हवा या वेळी चार-पाच पीएसआय वाढलेली दिसेल. ती काढायची नाही. हवा थंड टायरवरच मोजायची असते. ऑइल पाहण्याआधी सपाट जागी पाच-दहा मिनिटं जाऊ द्यावीत.

वही बाबांकडे द्यावी. वेळ, किलोमीटर, भरलेलं इंधन, घातलेलं ऑइल, तापमानाच्या काट्याची जागा. ज्यांनी ही गाडी वर्षानुवर्षं चालवली त्यांना काट्याची 'नेहमीची' जागा आपल्यापेक्षा पक्की ठाऊक असते.

दुपार

गाडी गर्दीत तापते आणि वेग घेतला की निवते, तर दोष पंख्याचा: फ्यूज, रिले किंवा थर्मल स्विच. वेगात आणि चढावर तापते, तर रेडिएटर बुजलेला, खालचा होज चपटा किंवा थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडतोय. तापमान चढत असतानाच बॅटरीचा दिवा लागला तर बेल्ट तुटला असं समजून तिथेच इंजिन बंद करायचं.

काटा नुसता वर सरकत असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, काचा खाली. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. पण आत वयस्क माणूस असेल तर हा उपाय थांबायला जागा मिळेपर्यंतच. गाडी थांबली की त्यांना रस्त्यापासून लांब सावलीत बसवायचं. वाफ दिसली की इंजिन बंद आणि निदान पाऊण तास झाकणाला हात नाही. नंतरही जाड फडक्याने पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचं आणि दाब जाऊ द्यायचा. पाणी इंजिन चालू ठेवून, बारीक धारेने. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतलं की हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जातो.

सगळ्यात फसवी अवस्था वेगळीच. वर चढलेला काटा एकदम खाली येतो आणि चालवणारा सुस्कारा सोडतो. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काटा असाच खाली येतो. मागच्या सीटवरही हेच पाहायला मिळतं: उकडतंय, उकडतंय म्हणणारी आई एकाएकी गप्प होते. उतारवयात तहान कमी जाणवते, घाम कमी येतो. बोलवून पाहावं. उत्तर असंबद्ध आलं आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात धरायचा: कपडे सैल, अंगावर पाणी, वारा, आणि ताबडतोब रुग्णवाहिका.

घाट

ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून देण्याऐवजी ठामपणे दाबून सोडायचा. जळका वास आला, पेडल लांब जाऊ लागलं की थांबावं. तापलेल्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओतू नये. चढावर कार्बुरेटरची (जुन्या पद्धतीने पेट्रोल-हवा मिसळणारी) गाडी आचके देऊन बंद पडली आणि पाण्याचा काटा ठीक असेल तर इंधनाची वाफ झालेली असते. गाडीतल्या इंधनाच्या पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं, वीस मिनिटं, मग निघावं. इंधनाची टाकी पावाहून खाली जाऊ देऊ नये, तळातला गाळ फिल्टरमध्ये येतो.

संध्याकाळ

मुक्काम सूर्यास्ताआधी गाठायचा. वय वाढलं की समोरच्या दिव्याने दिपलेले डोळे सावरायला वेळ लागतो, मोतीबिंदू असेल तर प्रत्येक दिव्याभोवती वलय. बाबांना स्टिअरिंग हवं असतं, आणि परवाना, डोळे, औषधं यांची आडकाठी नसेल तर द्यावंही. पण सकाळी, सरळ रस्त्यावर, तासभर.

दुसरी सकाळ

निघण्याआधी गाडीखालची जमीन पाहायची. गोडसर वासाचा रंगीत थेंब कूलंटचा, काळपट ऑइलचा. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, निसरडा ओघळ असेल तर ते ब्रेक ऑइल. गाडी हलवायची नाही.

पायांचंही तेच. दोन्ही घोटे संध्याकाळी सुजून रात्रीत उतरले तर बसून राहिल्याचं. एकच पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर गाडीचं सगळं राहू द्यावं आणि आधी डॉक्टर गाठावेत. अशी सूज प्रवास संपल्यावर काही आठवड्यांनीही येऊ शकते, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचं. त्याच पानावर ऑइलची बेरीज: हजार किलोमीटरला लिटरच्या आत असेल तर जुन्या इंजिनाला माफ. परतीसाठी तेवढंच अधिक अर्धा लिटर बरोबर घ्यायचं.