रत्नागिरीतले सावरकर : एक तुरुंग, एक देऊळ आणि तेरा वर्षं

सावरकरांचं नाव निघालं की बोलणं एकतर अंदमानात जातं, नाहीतर लाल किल्ल्यातल्या खटल्यात. एकाला तुरुंगातला तेलाचा कोलू आठवतो, दुसऱ्याला दयेचे अर्ज, तिसऱ्याला गांधीहत्या. मधली रत्नागिरी फारसं कुणी काढत नाही. ६ जानेवारी १९२४ ला येरवड्यातून सुटल्यापासून १० मे १९३७ पर्यंत सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. अटी दोन. सरकारच्या परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि राजकारणात पडायचं नाही. मुदत आधी पाच वर्षांची होती, मग ती वाढत गेली. पुढे देशाने जे सावरकर पाहिले ते इथेच घडले, असं माझं वाचता वाचता मत झालं होतं. म्हणून यंदा कोकणात गेले ती समुद्र आणि आंबे सोडून या माणसाच्या मागावर.

कोकण रेल्वेचं स्टेशन गावापासून बरंच लांब आहे. रिक्षाने आत येताना जांभ्या दगडाचे गडगे, त्यावर वाळलेलं शेवाळ, मधूनच नारळीच्या आडून दिसणारी खाडी. रिक्षावाल्याला तुरुंगाचं नाव सांगितलं तर त्याने मागे वळून विचारलं, "ताई, कोण आत आहे की सावरकरांची खोली बघायचीय?" दोन्ही कारणांनी लोक येत असणार. कारण ते कारागृह आजही चालू आहे, आत आजचे कैदी आहेत आणि त्याच आवारात सावरकरांच्या कोठडीचं स्मारक केलंय. रीतसर नोंद केली, फोन बाहेर ठेवला आणि आत गेले.

कोठडी लहान आहे. जाड भिंती, गजांचं दार. सोबतचा शिपाई म्हणाला, "इथेच लिहिलं त्यांनी ते." 'ते' म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागलं नाही. १९२१ साली अंदमानातून परत आणल्यावर सावरकरांना काही काळ याच तुरुंगात ठेवलं होतं. हिंदुत्वावरचा त्यांचा इंग्रजी प्रबंध याच काळातला. तो १९२३ साली 'मराठा' या टोपणनावाने बाहेर आला. सिंधू नदीपासून समुद्रापर्यंतची ही भूमी ज्याची पितृभू आहे आणि पुण्यभूही आहे तो हिंदू, ही त्यातली व्याख्या. त्या व्याख्येत जैन, बौद्ध, शीख, लिंगायत, आर्यसमाजी सगळे आले. देवाला न मानणाराही आला, कारण सावरकरांचं हिंदुत्व पूजापाठावर उभं नव्हतं. मात्र इथेच जन्मलेला, पिढ्यान् पिढ्या इथल्याच मातीत राबलेला मुसलमान किंवा ख्रिस्ती त्यातून बाहेर पडला. त्याची पितृभू हीच, पण पुण्यभू दुसरीकडे, म्हणून.

रत्नागिरीत उभं राहून हे आठवताना मला अस्वस्थ वाटलं. खाडीच्या काठाने मुसलमानांची जुनी गावं आहेत. मासळी, होड्या, आंब्याच्या बागा, आखातातली नोकरी, सगळ्यात ती माणसं आहेत. त्यांची बोली कोकणीच. त्यांच्या निष्ठेची परीक्षा त्यांच्या तीर्थाच्या जागेवरून घ्यायची, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आणि याच माणसाने लंडनला असताना १८५७ च्या लढ्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून लढल्याचं किती मनापासून कौतुक केलं होतं! ते १९०९ चं. मधल्या बारा-चौदा वर्षांत काय झालं? अंदमानातले पठाण वॉर्डर, कैद्यांमधली धर्मांतरं, बाहेर खिलाफत आणि मलबारातलं मोपल्यांचं बंड, अशी कारणं अभ्यासक देतात. ती असतीलही. पण बी आधीचंही असावं. नाशिकजवळच्या भगूरचा त्यांचा वाडा मी पूर्वी पाहिला होता. तिथे २८ मे १८८३ ला त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी आई पटकीने गेली, सोळाव्या वर्षी वडील प्लेगने. चापेकरांच्या फाशीनंतर अष्टभुजा देवीपुढे शत्रूला मारता मारता मरेपर्यंत झुंजण्याची शपथ घेतली तीही भगूरलाच. आणि मुंबईच्या दंग्याच्या बातम्या ऐकून सवंगड्यांना घेऊन गावच्या मशिदीवर दगडफेक केल्याची आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. तेव्हा ते जेमतेम दहा-अकरा वर्षांचे होते.

तुरुंगातून निघाले ती थेट पतितपावन मंदिरात.

या देवळासाठी मी रत्नागिरीला पुन्हा जाईन. बाहेरून पाहिलं तर कोकणातल्या इतर देवळांपेक्षा फार वेगळं काही नाही. आत लक्ष्मीनारायणाची मूर्ती. वेगळेपण आहे ते उंबऱ्यात. २२ फेब्रुवारी १९३१ ला हे देऊळ उघडलं ते जातीपातीचा विचार न करता सगळ्या हिंदूंसाठी, आणि तेही थेट गाभाऱ्यापर्यंत. त्याच्या आदल्याच वर्षी नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि दारं बंद होती, एवढं लक्षात घेतलं की या उंबऱ्याचं मोल कळतं.

पैसा दिला भागोजीशेठ कीरांनी. भंडारी समाजातला, गरिबीतून वर आलेला रत्नागिरीचा माणूस, मुंबईत बांधकामाच्या ठेकेदारीत नाव आणि पैसा दोन्ही कमावलेलं. किल्ल्याकडचं भागेश्वराचं देऊळ त्यांनीच बांधलं. पण त्या देवळात स्वतःच्या हाताने पूजा करायला त्यांनाच अडवलं, असं रत्नागिरीत सांगतात. मंदिरात सकाळी फुलं निवडत बसलेले एक काका भेटले, त्यांनीही हेच सांगितलं. "पैसे त्याचे, दगड त्याचे, देव मात्र भटांचा. मग सावरकर म्हणाले, शेठ, आपण सगळ्यांचं बांधू." काका बोलत होते आणि हात चालूच होते, पिवळी शेवंती एका बाजूला, तुळस दुसऱ्या बाजूला. मी विचारलं, "तेव्हा गावाने चालवून घेतलं?" ते म्हणाले, "छे हो! माझे आजोबा सांगायचे, सहभोजनाला जाऊन आलेल्याच्या घरचं पाणी बंद. माणसं भेकड असतात हो, पण हळूहळू सरावतात."

सहभोजनं हे सावरकरांचं मोठं हत्यार होतं. कोण जेवलं त्यांची नावं वर्तमानपत्रात छापायची, म्हणजे उद्या कुणाला नाही म्हणता येणार नाही. शाळांमधून पूर्वास्पृश्यांच्या पोरांना वेगळं बसवायचे, ते बंद करण्यासाठी त्यांनी शाळा पालथ्या घातल्या, अधिकाऱ्यांकडे अर्जांवर अर्ज केले. बायकांची हळदीकुंकवं एकत्र केली. सगळ्या जातींसाठी एकच उपाहारगृह काढलं, जिथे चहा पूर्वास्पृश्याच्या हातचा मिळे आणि सावरकरांना भेटायला येणाऱ्याने आधी तो प्यायचा. वेदोक्तबंदी, व्यवसायबंदी, स्पर्शबंदी, समुद्रबंदी, शुद्धिबंदी, रोटीबंदी, बेटीबंदी या सात स्वदेशी बेड्या तोडा, असं ते लिहीत राहिले. गाय हा उपयुक्त पशू आहे, तिला देव मानू नका, हेही त्याच काळातलं. आज त्यांचे फोटो लावणाऱ्या किती घरांत हे वाक्य मोठ्याने वाचता येईल, असा प्रश्न मला पडतो.

बाबासाहेबांनी १९३३ साली सावरकरांना पाठवलेल्या पत्राचा उल्लेख इथे करायलाच हवा. रत्नागिरीतल्या एका देवळाच्या उद्घाटनाचं निमंत्रण होतं. बाबासाहेबांना यायला जमणार नव्हतं. पण त्यांनी सामाजिक कामाबद्दल आदर व्यक्त केला आणि नुसती अस्पृश्यता जाऊन भागणार नाही, चातुर्वर्ण्यच गेलं पाहिजे, हे बजावलं. कौतुक आणि इशारा एकाच पत्रात.

पण हे देऊळ आणि तो प्रबंध वेगळे काढता येत नाहीत. सावरकरांचे चाहते मला देऊळ दाखवतात, विरोधक प्रबंध दाखवतात, आणि दोघेही अर्धाच माणूस दाखवतात. जात मोडायची ती हिंदू समाज एकजीव व्हावा म्हणून, आणि एकजीव व्हायचं ते कुणाच्या तरी समोर उभं राहायला. पतितपावनचा उंबरा महार-चांभारांसाठी खाली आला तेव्हाच गावाबाहेर दुसरी एक भिंत चढत होती. शुद्धीची, म्हणजे धर्मांतर केलेल्यांना पुन्हा हिंदू करून घेण्याची, चळवळही याच काळात इथेच चालू होती. ज्याला पहिल्यांदा गाभाऱ्यात जाता आलं, त्याचा त्या दिवशीचा आनंद मात्र खरा होता. तो मी कुणाला हिरावू देणार नाही.

दुपारी शिरगावला गेले. शहरात प्लेग होता तेव्हा सावरकर काही महिने इथे एका घरी राहिले होते. १९२५ साली, संघाची स्थापना होण्याच्या काही महिने आधी, डॉ. हेडगेवार त्यांना भेटायला आले ते इथेच. १ मार्च १९२७ ला गांधीजी रत्नागिरीला आले तेव्हा ते मात्र सावरकरांना शहरातल्या त्यांच्या घरी जाऊन भेटले. सावरकरांचा ताप, त्यांची स्थानबद्धता, आणि बोलणं अस्पृश्यता आणि शुद्धीवर. मतं जुळली नाहीत, पण भेट सौजन्याची झाली. पुढच्या एकवीस वर्षांत काय होणार होतं, याची दोघांपैकी कुणालाच कल्पना नव्हती.

दयेच्या अर्जांबद्दल न लिहिता हा लेख पुरा होणार नाही. १९११ पासून त्यांनी अनेक अर्ज केले. १९१३ च्या अर्जात सरकारशी एकनिष्ठ राहण्याची भाषा आहे, ती वाचताना त्रास होतो. सुटकेसाठी अर्ज इतर राजबंद्यांनीही केले होते, आणि पन्नास वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या माणसाने बाहेर पडायची धडपड केली म्हणून त्याला भेकड म्हणायला माझी जीभ धजत नाही. मार्सेलिसला बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी टाकणारा तोच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते सुटल्यानंतरचं. इंग्रज सरकार त्यांना १९२९ पासून महिना ६० रुपये देत होतं, आणि १९३७ नंतर बंधनं उठल्यावरही त्यांची लढाई पूर्वीसारखी इंग्रजांकडे वळली नाही. त्याच वर्षी अहमदाबादला हिंदुमहासभेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रं असल्याचं सांगितलं. १९४२ च्या चळवळीपासून ते लांब राहिले. सिंधमध्ये महासभा मुस्लिम लीगच्या मंत्रिमंडळात बसली, बंगालमध्ये फजलुल हक यांच्या. याचा हिशोब अर्जांपेक्षा जड आहे.

परतीच्या वाटेवर मुंबईत उतरून शिवाजी पार्कला गेले. सावरकर सदन गल्लीतल्या इतर घरांच्या रांगेतच आहे. गांधीहत्येनंतर इथे जमाव चालून आला. धाकट्या भावाला, डॉ. नारायणरावांना, दगडांनी इतकं मारलं की ते पुन्हा नीट सावरले नाहीत, १९४९ च्या ऑक्टोबरात गेले. स्वातंत्र्यासाठी स्वतः तुरुंग भोगलेला माणूस तो. फाटकापाशी उभी असताना मला त्यांचीच जास्त आठवण आली.

खटल्यात माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने सांगितलं होतं की गोडसे-आपटे याच घरातून निघताना सावरकरांनी त्यांना "यशस्वी होऊन या" असा निरोप दिला. त्याला स्वतंत्र पुरावा मिळाला नाही म्हणून १० फेब्रुवारी १९४९ ला न्यायालयाने सावरकरांना निर्दोष सोडलं आणि सरकारने अपील केलं नाही. सावरकर गेल्यानंतर, १९६९ मध्ये, गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचा अहवाल आला. त्यांच्या अंगरक्षकाच्या आणि चिटणिसाच्या जबान्या पाहून आयोगाने निष्कर्ष काढला की सावरकर आणि त्यांच्या गटाचा कट याखेरीज दुसरी कुठलीही उपपत्ती टिकत नाही. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे आणि उत्तर द्यायला माणूस हयात नव्हता. तरी तो अहवाल बाजूला सारून सावरकरांवर बोलणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

२६ फेब्रुवारी १९६६ ला प्रायोपवेशन करून, म्हणजे अन्नपाणी सोडून, सावरकर गेले. विधी नकोत, विद्युतदाहिनीतच दहन करा, कुणी दुकानं बंद ठेवू नका, हे आधीच सांगून ठेवलेलं.

कुणाला रत्नागिरीला याच वाटेने फिरायचं असेल तर तुरुंगाची चौकशी आधी करून जा, चालू कारागृह असल्याने वेळा आणि नियम बदलतात. पतितपावनला सकाळी जा, फुलं निवडायच्या वेळी. टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा रत्नागिरीतच आहेत. ब्रह्मदेशच्या राजालाही इंग्रजांनी इथेच आणून डांबलं होतं, तो तर इथेच मेला. आणि जाण्याआधी १९१३ चा अर्ज आणि सात बेड्यांवरचे लेख दोन्ही वाचा. दोन्ही सहज मिळतात.