पदकही ब्रिटिशांचं आणि बेड्याही: आंद्रेई श्कुरो

या माणसाबद्दल वाचलं आणि शिव्या घालाव्यात की हळहळावं तेच कळंना, म्हणून इथं लिहून मोकळा होतोय. श्कुरो हा दक्षिण रशियातल्या कुबानचा कझाक (म्हणजे कोसॅक, झारच्या चाकरीतला लढवय्या समाज; कझाकस्तानचे कझाक वेगळे), पीटर्सबर्गच्या घोडदळाच्या शाळेतून 1907 ला ऑफिसर होऊन निघाला. कझाकांचा हिशोब असा की झारनं जमीन द्यायची आणि पोरानं घोडा, तलवार, कपडे घरचे घेऊन चाकरीला हजर व्हायचं, म्हणजे आपल्याकडचे शिलेदारच की.

पहिल्या महायुद्धात ह्यानं शत्रूच्या पिछाडीला घुसून छापे घालणारी तुकडी काढली, लांडग्याच्या कातड्याच्या टोप्या, काळ्या निशाणावर लांडग्याचं तोंड, लै शो. पुढं इराणात रशियन जनरल बारातोव्हच्या फौजेत गेला. ही फौज आपल्या लोकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे, कारण 1916 ला इराकातल्या कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात ब्रिटिश फौजेतल्या ज्या मराठा पलटणी उपाशी अडकलेल्या त्यांच्याच दिशेनं बारातोव्हचे कझाक इराणातून येत होते (श्कुरो तेव्हा तिथं नव्हता). 29 एप्रिलला कुत पडलं, 13 हजारांच्या आसपास कैद झाले, आणि कझाकांची एक छोटी तुकडी ब्रिटिशांपर्यंत पोचली ती मे महिन्यात. काय उपयोग!

मग रशियात क्रांती, यादवी: बोल्शेविकांचे लाल एकीकडं, त्यांचे विरोधक पांढरे दुसरीकडं, श्कुरो पांढऱ्यांत. 1919 ला त्यानं व्होरोनेझ शहर घेतलं, बुद्योनीच्या लाल घोडदळानं ऑक्टोबरात परत हिसकावलं. पांढऱ्यांच्या पाठीशी असलेल्या ब्रिटिशांनी ह्याला ऑर्डर ऑफ द बाथ हे मानाचं पदक दिलं, आणि इकडं ह्याच्या माणसांनी गावं लुटली, ज्यू वस्त्यांवर हल्ले केले. हे गाळून त्याला हीरो करणारे व्हिडिओ बघितले की डोकं फिरतं राव.

1920 पासून परदेशात. पॅरिसमध्ये जनरलसाहेब कझाक स्वार जमवून घोड्यावरच्या कसरतींचे खेळ करत होते, तिकीट लावून. गड्ड्याच्या जत्रेत सर्कशीतल्या घोडेस्वारांना टाळ्या वाजवत मोठा झालेला मी, त्यातला कोण आधी काय होता हे कधी डोक्यातच आलं नाही.

एवढ्यावर थांबला असता तर वाईट वाटलं असतं. पण गडी हिटलरच्या बाजूनं गेला, 1944 ला एसएस या नाझी दलाच्या हाताखाली कझाक राखीव दल सांभाळायला लागला.

मे 1945, ऑस्ट्रियातलं लिएंझ. जर्मनांच्या बाजूनं लढलेले कझाक बायकापोरांसकट इथं ब्रिटिशांना शरण आलेले. ब्रिटिशांनी ह्याला आधीच उचललं, आणि 28 तारखेला बाकीच्या ऑफिसरांना कॉन्फरन्स आहे, संध्याकाळी परत याल असं सांगून ट्रकात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सोव्हिएतांच्या ताब्यात दिलं. जानेवारी 1947 ला मॉस्कोत श्कुरोला फाशी. दोस्तांच्या 1945 च्या याल्टा करारात सोव्हिएत नागरिक परत द्यायचे ठरलेलं, हा तर 1920 लाच देश सोडलेला, सोव्हिएत नागरिक कधी नव्हताच.

त्याच्या फाशीचं मला तरी काय वाटत नाही. पण 1 जूनला त्याच खोऱ्यातल्या छावणीत बायकापोरांना दांडक्यांनी मारत गाड्यांत कोंबलं, काहींनी द्राऊ नदीत उड्या टाकल्या, त्या पोरांनी कुणाचं काय केलेलं?