रेडिंगहून एडिनबराला शिफ्ट झालो: व्हिसा तोच, बाकी सगळं नव्याने

मागच्या जुलैत आम्ही इंग्लंडमधलं रेडिंग सोडून स्कॉटलंडमधल्या एडिनबराला आलो. नवऱ्याच्या कंपनीचं इकडे ऑफिस आहे, माझं काम तसंही घरूनच, आणि मुलगी आठ वर्षांची, म्हणजे हलवायचं तर आत्ताच असं ठरलं. मला वाटलं पत्ता बदलला की संपलं, कारण देश तोच, पाउंड तोच, व्हिसा तोच. आईला फोनवर पण सांगितलं की पुण्याहून नागपूरला गेल्यासारखं आहे गं. कसलं काय, पुण्याहून बंगलोरला गेल्यासारखं निघालं. एमएच १२ ची गाडी तिकडे नेऊन ज्यांनी आरटीओची एनओसी, तिथला रोड टॅक्स, मग इकडे भरलेल्याचा रिफंड हे सगळं भोगलंय त्यांना मी काय म्हणतेय ते बरोब्बर कळेल.

थोडक्यात सांगते. १९९७ ला स्कॉटलंडमध्ये सार्वमत झालं आणि १९९९ पासून त्यांची स्वतःची पार्लमेंट आहे. आरोग्य, शाळा, घरभाडं, इन्कम टॅक्सचे दर हे इथलं सरकार ठरवतं. व्हिसा, संरक्षण, नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी विम्याची वर्गणी) हे लंडनकडे. वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचं अजून तिसरंच काहीतरी. हे सगळं मला बातम्यांमधून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि हातात फॉर्म घेऊन उभं राहणं वेगळं.

पहिला धक्का घर बघताना, पण तो चांगला होता. इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेताना राइट टू रेंट चेक असतो, म्हणजे तुम्हाला देशात राहायचा हक्क आहे का ते घरमालकाने तपासायचं. रेडिंगला प्रत्येक वेळी आम्ही होम ऑफिसच्या साइटवरून शेअर कोड काढून द्यायचो. इथे एजंटला मी न मागताच शेअर कोड, पासपोर्टच्या झेरॉक्स, सगळी फाइल पुढे केली, तर तो म्हणाला हे नको, हा नियम इंग्लंडपुरता आहे, पगाराच्या स्लिपा दाखवा. अॅग्रीमेंटवर शेवटची तारीखच नाही हे बघून मी दोनदा पानं उलटली. तर २०१७ च्या डिसेंबरपासून इथे मुदतीचा करारच नसतो, आपण २८ दिवसांची नोटीस देऊन निघायचं. अकरा महिन्यांच्या करारावर वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

मग पाणी. दीड महिना झाला तरी पाण्याचं बिल येईना. रेडिंगला पाण्याची कंपनी वेगळी, तिचं बिल वेगळं, आणि आल्या आल्या तिथे नाव नोंदवावं लागायचं. मी शोधतेय की इथे नोंदणी कुठे करायची, आपण पाणी चोरतोय की काय असं वाटायला लागलं. शेवटी शेजारच्या आजींनी हसत सांगितलं की काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल नीट वाच, त्यातच आहे. होतंच. इंग्लंडमध्ये पाणी १९८९ ला खाजगी झालं, इथे ते सरकारीच राहिलं, म्हणून काउन्सिलच वसूल करते.

आता औषधांचं, कारण माझी खरी फजिती तिथे झाली. मला दमा आहे. दोन इन्हेलर लागतात, रोजचा तपकिरी आणि गरजेपुरता निळा. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९ पाउंड ९० पेन्स भरावे लागतात. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील, डायबिटीस असेल तर माफी मिळते, दम्याला नाही (का ते मला आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही). म्हणून मी वर्षाचा पास काढायचे, ११४ पाउंड ५० पेन्सचा. तो जूनमध्ये संपला. आता मी हुशार! म्हटलं कशाला रिन्यू करायचा, स्कॉटलंडमध्ये २०११ पासून औषधं फुकट आहेत. निघायच्या आठवड्यात रेडिंगच्या जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, पुढच्या महिन्याचं प्रिस्क्रिप्शन घेतलं. रिसेप्शनवरची बाई म्हणाली की आमची ऑनलाइन सिस्टीम स्कॉटलंडच्या फार्मसीशी जोडलेली नाही, कागदच घेऊन जा. हिरवा कागद पर्समध्ये घातला आणि इथे आल्यावर ऐटीत फार्मसीत दिला.

फार्मसिस्टने कागद उलटसुलट पाहिला आणि अगदी प्रेमाने सांगितलं की १९ पाउंड ८० पेन्स होतील. मी म्हटलं पण इथे तर फुकट असतं ना. तर म्हणे हो, पण कागद इंग्लंडचा आहे, त्याला इंग्लंडचाच दर. तुम्ही आता कुठे राहता ते बघायचं नसतं, कागद कुठून आला ते बघायचं. आणि इथल्या जीपीकडे नाव नोंदलं की त्यांचा कागद मिळेल, तो फुकट. म्हणजे जे पैसे वाचवायला मी चारशे मैल कागद वाहून आणला ते इथेच भरले. नवरा अजून हसतो.

जीपीकडे नाव नोंदवणं तसं सोपं होतं, फॉर्म, पत्ता, आधीच्या डॉक्टरांचं नाव. पण आतून सगळी व्यवस्थाच वेगळी आहे. इंग्लंडमधला माझा एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, नंबर इथे चालत नाही, इथे सीएचआय नंबर मिळतो, दहा आकडी, आणि त्याचे पहिले सहा आकडे म्हणजे आपली जन्मतारीख. वय लपवायची सोय नाही. एनएचएसचं जे अॅप मी रेडिंगला रोज वापरायचे, औषध मागवा, रिपोर्ट बघा, ते इंग्लंडमधल्या जीपीचं आहे, इथे नाव लागल्यावर ते माझ्यासाठी रिकामं डबडं झालं. जुने रेकॉर्ड यायला कित्येक आठवडे गेले आणि तोपर्यंत नव्या डॉक्टरांसमोर मीच तोंडी इतिहास सांगत होते. बरं झालं निघायच्या आधी मी अॅपमधून सगळं प्रिंट काढून ठेवलं होतं, आणि मुलीच्या लसींचं लाल पुस्तक जवळ होतं. कोणी येणार असाल तर एवढं नक्की करा, अॅप बंद व्हायच्या आत.

मग पहिल्यांदा इथल्या डॉक्टरांच्या कागदावर औषध घ्यायला गेले. पिशवी हातात दिली, मी सवयीने कार्ड काढून उभी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, दॅट्स यू. मला कळेना मी काय. इथे त्याचा अर्थ झालं तुमचं, निघा. डोळे तपासायला गेले तिथेही तेच, तपासणीचे पैसे नाहीत (चष्म्याचे आहेत, ते भरपूर आहेत).

गंमत म्हणजे व्हिसाच्या वेळी आम्ही जो हेल्थ सरचार्ज भरला तो माणशी वर्षाला १,०३५ पाउंड, मुलीचे ७७६, आणि कुठेही राहा, रक्कम तीच. सरचार्ज एक, त्यात मिळणारी सेवा मात्र राहाल तशी.

शाळेचं तर मुलीने अजून माफ केलेलं नाही. रेडिंगची शाळा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुटली आणि एडिनबराची ऑगस्टच्या मध्यावर सुरू. तिकडच्या मैत्रिणी सप्टेंबरपर्यंत मोकळ्या आणि ही बिचारी खोक्यांमधून युनिफॉर्म शोधतेय. तिकडे ती इयर फोरमध्ये जाणार होती, इथे पी-फाइव्हमध्ये, म्हणजे प्रायमरी पाचमध्ये, घातली. आईला वाटलं नात एक इयत्ता वर गेली, तिने तिकडे पेढे वाटायची तयारी केली. तसं नाहीये, तिकडे सुरुवातीला रिसेप्शन नावाचा वर्ग असतो, इथे थेट पी-वन, म्हणून आकडा एकने पुढे. पण ते सुद्धा सगळ्यांना लागू नाही, कारण वर्ग ठरवताना जन्मतारखेची सीमा इंग्लंडमध्ये ऑगस्टअखेर धरतात आणि इथे फेब्रुवारीअखेर. आमची नोव्हेंबरची, म्हणून पी-फाइव्ह. पी-फाइव्हपर्यंत दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट, तिकडे ते इयर टूनंतर बंद झालं होतं. शिवाय पाच ते एकवीस वर्षांच्या मुलांना बस फुकट, त्याचं कार्ड काढायला फोटो, पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला असं सगळं लागलं. कार्ड आल्यापासून तिला दोन स्टॉपसाठी पण बसच हवी.

एवढं सगळं फुकट बघून मी आईला सांगत सुटले होते की स्वर्ग आहे स्वर्ग. मग ऑक्टोबर आला.

नवऱ्याचा पगार ५२,००० च्या आसपास आहे. ऑगस्टमध्ये त्याने टॅक्स खात्यात पत्ता बदलला आणि ऑक्टोबरच्या स्लिपवर टॅक्स कोडच्या आधी एस लागलेला, एस१२५७एल. एस म्हणजे स्कॉटलंड. पगार साडेनऊशे पाउंडांनी कमी! त्याला वाटलं काहीतरी चूक झाली, एचआरला मेल टाकला, मी टॅक्सच्या फोनवर अर्धा तास ते संगीत ऐकलं. चूक नव्हती. टॅक्सच्या वर्षात तुम्ही जास्त दिवस जिथे राहणार तिथले तुम्ही, आणि ते पूर्ण वर्षासाठी. आम्ही जुलैत आलो म्हणजे एप्रिलपर्यंत इथलेच दिवस जास्त, म्हणून रेडिंगमध्ये राहून कमावलेल्या एप्रिल, मे, जूनवर पण स्कॉटलंडचा दर, आणि मागचा सगळा फरक एकदम कापला.

मग मी कागदावर मांडून बसले. इंग्लंडमध्ये ४० टक्क्यांचा टप्पा ५०,२७० च्या पुढे लागतो, इथे ४३,६६२ च्या पुढेच ४२ टक्के. पण नॅशनल इन्शुरन्स लंडनच्या हातात, त्यांचे ८ टक्के ५०,२७० पर्यंत चालूच. त्यामुळे मधल्या साडेसहा हजारांवर दोन्ही सरकारं मिळून निम्मे घेतात. वर्षाचा फरक आला १,६०० पाउंडांच्या थोडा वर. समोर माझे इन्हेलरचे वाचलेले ११४ पाउंड ५० पेन्स, मुलीचं जेवण, बस. माझा पगार बराच कमी आहे, माझ्या टॅक्सला जवळपास काही फरक पडला नाही, म्हणून हे गणित घरात दोघांचं दोन तऱ्हेनं सुटतं आणि त्यावर आमची अजून भांडणं होतात. नवरा इन्हेलर आणून देताना दरवेळी म्हणतो, हे घे, सोळाशे पाउंडांचं औषध.

परवा रेडिंगच्या मैत्रिणीचा फोन आला, त्यांचं या उन्हाळ्यात ग्लासगोला यायचं चाललंय. मी म्हटलं औषधाचा पास संपला असेल तर निघायच्या आधी तिथेच औषध घेऊन टाक, कागद इकडे आणू नको, पत्ता लवकर बदल म्हणजे एकदम फटका बसणार नाही. तिची मुलगी आमच्या मुलीच्याच वर्गात होती, बाकावर शेजारी. विचारलं, तिचा वाढदिवस कधी असतो गं? म्हणाली मे. मग ती पी-फाइव्हमध्ये बसेल बघ, म्हटलं, आमची तेव्हा पी-सिक्समध्ये असेल. मैत्रीण गप्प झाली. मी घाईघाईने सांगितलं की अगं पण तिला वर्षभर जेवण फुकट मिळेल.