सूतभर फट

हल्ली कुणाच्या घरी गेले की मी पुस्तकं बघत नाही. पूर्वी बघायचे. मान तिरकी करून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचायची आणि घरमालकाबद्दल मनाशी एक मत ठरवून टाकायचं, हा जुना छंद. आता मान तिरकी होत नाही, गुडघे वाकतात. मी फळी खालून बघते. मधोमध झोळ आलाय का, बाजूच्या फळीत खाच पाडून बसवलीय की नुसती पट्टीवर टेकवलीय, मागं लाकूड आहे की पुठ्ठ्यासारखं काहीतरी. "काही पडलं का?" असं यजमान विचारतात. पडलं काही नाही. मी एक मांडणी केलीय, एवढंच.

मांडणी म्हणजे पुस्तकांची, लाकडाची, बिनदाराची. आजवर मी केलेल्या मांडण्या लेखातल्या मुद्द्यांच्या. तिथं एखादा मुद्दा तिरका बसला तर 'असो' म्हणून पुढच्या परिच्छेदात सटकता येतं. लाकडात 'असो' नाही. तिरकं बसलेलं तिरकंच राहतं आणि रोज सकाळी समोर उभं असतं.

यंत्रं नकोत, हातहत्यारांनीच करायचं, हे ठरलं ते कुठल्या तत्त्वामुळं नव्हे. विजेच्या करवतीचा आवाज ऐकला की माझी दहाही बोटं आपोआप मुठीत जातात. ज्यांच्याकडे शिकायला गेले ते काका यावर फक्त म्हणाले, "बोटं हातकरवतीनंही जातात ताई. जरा हळू जातात."

पहिले दोन रविवार त्यांनी मला लाकडाला हातच लावू दिला नाही. एक पटाशी दिली, म्हणजे लाकूड कोरायचं सपाट पात्याचं हत्यार, एक निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, आणि पाण्याची वाटी. नवी पटाशी म्हणजे धारदार पटाशी, ही माझी समजूत. ती तिथंच मोडली. दुकानातून येते तो पटाशीच्या आकाराचा लोखंडी तुकडा. तिची पटाशी आपण करायची. पात्याचा उतार साधारण २५ अंशांचा, आणि अगदी टोकाशी ३० अंशांची केसभर पट्टी. दगडावर घासत राहायचं, सपाट बाजूला बोटाला अगदी बारीक खरखर लागेपर्यंत. ती खरखर म्हणजे घासणं टोकापर्यंत पोचल्याची पावती. मग पातं उलटवून तीही काढून टाकायची. पावती फाडून टाकल्यावरच माल मिळतो, असा हा व्यवहार.

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले. धार नसलेल्या पटाशीनं काम करून बघितलं तेव्हा कळलं की कधीकधी अंगण खरोखरच वाकडं असतं. बोथट हत्यार लाकूड कापत नाही, चेंगरतं. मग आपण जोर लावतो, जोर लावला की ते घसरतं, आणि घसरलं की समोर दुसरा हात असतो. माझ्या डाव्या अंगठ्यावर याचा लेखी पुरावा आहे. ती पटाशी धारेची नव्हती.

करवतीनं मात्र गर्व उतरवला. मला वाटायचं, दात म्हणजे दात. तर उभं चिरायची करवत वेगळी आणि आडवं कापायची वेगळी. पहिलीचे दात ओळीनं लावलेल्या इवल्या पटाश्यांसारखे, रेष्याच्या, म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या, दिशेनं खरवडत जाणारे. दुसरीचे दात सुरीसारखे, रेषा आडवा तोडणारे. मी उभं चिरायच्या करवतीनं फळी आडवी कापली आणि खालची कड उंदरानं कुरतडल्यासारखी निघाली. शिवाय मी करवत दाबत होते. "तिला दात आहेत, तिचं तिला खाऊ द्या," काका म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा करवत रेघेवरून सरळ गेली. पुढच्या फळीला पुन्हा वाकडी गेली, ते सोडा.

पण सांगायचं आहे ते रंध्याबद्दल. रंध्याचं पातं नीट लावलेलं असेल आणि रेष्याची दिशा ओळखून रंधा मारला, तर आवाज येतो तो ताग्यातून कापड फाडल्यासारखा, आणि तोंडातून ढलपी निघते ती वेटोळं होऊन, इतकी पातळ की छापील पानावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता येतात. उलट दिशेनं मारला की मांजराला उलटं कुरवाळल्यासारखं लाकूड अंगावर येतं. रेषे उचकटतात, खड्डे पडतात. म्हणून आधी फळीची कड बघायची. रेषे कुठल्या बाजूला चढत जातात ते शोधायचं आणि त्या चढाच्या दिशेनं रंधा चालवायचा. गाठीजवळ तर दिशा मध्येच फिरते. इतकी वर्षं वाचतेय, पण ओळ डावीकडून उजवीकडं जाते की उजवीकडून डावीकडं, हे प्रत्येक पानाला नव्यानं विचारावं लागतं अशी लिपी पहिल्यांदाच भेटली. त्या आनंदात एक ढलपी मी पुस्तकात खूण म्हणून ठेवली. आठवड्यात तिचा चुरा झाला, आणि आता त्या पानातून भुसा गळतो.

मांडणीचा पहिला आराखडा १२० सेंटिमीटर रुंदीचा होता. भिंत तेवढी मोकळी होती, एवढंच त्यामागचं गणित. काकांनी कागद बघितला आणि परत केला. फळी वाकण्याचा हिशेब निर्दय असतो. पुस्तकं फळीभर सारखीच खच्चून भरली, तर टेकूंमधलं अंतर दुप्पट केल्यावर झोळ दुप्पट होत नाही, सोळापट होतो. उलट फळीची जाडी दुप्पट केली तर झोळ एक अष्टमांशावर येतो. मीटरभर पुस्तकांच्या रांगेचं वजन सहज २० ते ३० किलो भरतं, आणि लाकूड काही काचेसारखं ताठ राहून एक दिवस तुटत नाही. ते वजनाखाली वर्षानुवर्षं हळूहळू आणखी वाकत राहतं. म्हणून रुंदी ७५ वर आणली, फळी २० मिलिमीटर जाडीची घेतली. दिवाणखाने बघत फिरताना मला जे झोळ दिसतात, ते बहुतेक भिंत मोकळी होती म्हणून आलेले असतात.

दुसरं गणित हवेचं. लाकूड कापलं, वाळलं, रंधलं, तरी त्याचा श्वास चालूच असतो. दमट हवेत फळी रुंदीला फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. लांबीला मात्र जवळजवळ काही होत नाही. २५ सेंटिमीटर रुंद फळी वर्षभरात दोनतीन मिलिमीटर इकडंतिकडं होऊ शकते. मांडणीच्या उभ्या आणि आडव्या फळ्यांचे रेषे लांबीनंच जातात, त्यामुळं सगळ्या एकत्र फुगतात, एकत्र आक्रसतात, भांडण नाही. भांडण होतं ते मांडणीच्या मागच्या पाठीशी. तिच्या पट्ट्या रुंदीला फुगतात, आणि नेमकी त्याच दिशेला असते फळ्यांची न हलणारी लांबी. पाठीच्या पट्ट्या मी हौसेनं सरस लावून घट्ट बसवणार होते. काकांनी हात धरला. पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर चढतील अशा कापायच्या, प्रत्येक पट्टीला वरखाली मधोमध एकेक खिळा आणि सरस अजिबात नाही. फुगली तर शेजारणीखाली सरकेल.

खाचा दहा पाडायच्या होत्या. पाच आडव्या फळ्या, प्रत्येकीची दोन टोकं. दोन्ही उभ्या फळ्या शेजारीशेजारी ठेवून, काटकोनाचा गुण्या लावून एकदमच रेघा ओढायच्या म्हणजे फळ्या एका पातळीत बसतात. रेघ पेन्सिलीची नाही, सुरीची. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि त्या जाडीत माणूस हरवतो. सुरीच्या चिरेत पटाशीचं टोक आपोआप जाऊन बसतं. जो भाग काढायचा त्यावर फुली मारायची. नऊ खाचांवर मी फुली मारली. दहाव्या खाचेच्या वेळी मला वाटलं, आता येतं मला.

करवत रेघेच्या चुकीच्या बाजूनं गेली. फळी बसवली तर शेजारी एक सूत फट. सुतारांच्या हिशेबात इंचाचे आठ सूत. म्हणजे तीन मिलिमीटर. 'सुतार' हा शब्द मुळात 'सूत्रधार', दोरी धरून सरळ रेघ मारणारा. आपण काही सूत्रधार नाही हे मला त्या फटीनं फार सौम्यपणे सांगितलं. जर्मनीत लायपझिगजवळ ७००० वर्षांपूर्वीच्या विहिरी सापडल्या आहेत. त्यांच्या ओकच्या चौकटींत कूस आणि साल घालून, म्हणजे एका लाकडाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या भोकात बसवून, केलेले सांधे आहेत, धातूचं हत्यार माहीत नसलेल्या लोकांनी केलेले. हे मी त्याच आठवड्यात वाचलं. वाचायला नको होतं.

फटीत त्याच लाकडाची पाचर तासून सरसानं बसवली. काकांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, "चालतंय" म्हणाले आणि चहाला गेले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सर्वांत मोठी स्तुती आहे.

जोडणीचा दिवस मात्र काव्याचा नव्हता. सरस लावला की हातात दहाएक मिनिटं. दहा खाचा, पाच फळ्या, सहा क्लॅम्प आणि मी. सगळं आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले तर चौकट काटकोनात. माझे चार मिलिमीटरनं कमीजास्त. लांब कर्णाच्या दोन टोकांना क्लॅम्प लावून हळूच आवळलं, पुन्हा मोजलं, अर्धा मिलिमीटर राहिला. शाळेत कर्णाची प्रमेयं पाठ केली होती. कर्ण असा अंगावर येईल, हे तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

तेल लावून, वाळवून मांडणी भिंतीशी उभी केली तर डुगडुगली. चूक माझी नव्हती, फरशीची होती. वाकडं अंगण, दुसऱ्यांदा. एका पायाखाली ढलपीची घडी सारली आणि पुस्तकं लावायला घेतली. कथा, कविता, प्रवासवर्णनं पटापट बसली. शेवटी शब्दकोश उचलला. तो जाईना. वरच्या कप्प्यात नाही, खालच्याही नाही. तिरका करून बघितला, उलटा करून बघितला. इतके आठवडे मी लाकूड सूत-सूत मोजत होते. पुस्तकं मात्र मी मोजलीच नव्हती.

इसवी सन ७०० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या एका मठात एक लॅटिन बायबल लिहिलं गेलं. ते आता फ्लॉरेन्समध्ये आहे. त्यातल्या एका चित्रात एक म्हातारा लिहीत बसलाय, मागं दारं उघडलेलं पुस्तकांचं कपाट, आणि त्यातली नऊच्या नऊ पुस्तकं आडवी निजलेली. माझा शब्दकोशही सर्वांत खाली आडवा निजलाय. दहाव्या खाचेच्या बरोबर पुढ्यात, त्यामुळं पाचर दिसत नाही. गुडघे वाकवून बघितलं तरच दिसते.